नाताळच्या कार्यक्रमात गाऊ का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका १८ वर्षांची आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून मुंबईत, एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात एफवायबीएला आली आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. घर वारकरी, वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या फेस्टला ती व्हॉलंटियर होती. बाहेरून आलेल्या कॉलेजांना पास, पाणी, जेवणाची कुपनं वाटण्यात आणि त्याआधीच्या तयारीत तिची लेक्चर्स बुडत गेली आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आली. तिथेच तिला गुणगुणताना ऐकून एका सीनियरने क्वायरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या गायनवृंदात, बोलावलं. आता डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या नाताळच्या कार्यक्रमात एक कडवं तिला एकटीला गायचं आहे. मधल्या काळात कमी हजेरीचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर गेला. पाठोपाठ चुलत भावाने क्रुसाखाली उभ्या असलेल्या क्वायरचा इन्स्टाग्रामवरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वडिलांनी फोनवर विचारलं, "तिथं नेमकं काय चाललंय?" तिने सांगितलं, "फेस्टचा हॉल आहे तो." तेव्हापासून घरात बार्शीच्या कॉलेजात नाव घालायची भाषा सुरू आहे. मैत्रिणी म्हणतात, "गावाकडचे लोक असेच." ती विचारते: क्वायर सोडून देऊ, की यंदापुरतं न सांगता गाऊन घेऊ? आणि मैत्रिणींना काय सांगू?

प्रिय मुली,

तू दोन वाटा लिहिल्या आहेस. सोडायचं किंवा लपवायचं. दोन्ही वाटांवर एक गोष्ट टळते, ती म्हणजे वडिलांशी, तुझ्या अण्णांशी बोलणं. म्हणून मला या दोन्ही पटत नाहीत. तिसरी वाट अवघड आहे, पण तुझ्याजवळ अजून काही आठवडे आहेत आणि तेवढे पुरतील.

आधी तुझ्याच पत्रातला घटनांचा क्रम पुन्हा वाच. पहिल्यांदा हजेरीचा मेसेज गेला, मग फोटो गेला. अण्णांनी विचारलं "नेमकं काय चाललंय", आणि तू धरून चाललीस की प्रश्न क्रुसाबद्दल आहे. असेलही. पण पोरगी वर्गात बसत नाही हे कॉलेजच्या मेसेजवरून कळलेल्या बापाचाही प्रश्न हाच असतो. मुलीला मुंबईत ठेवायला, वसतिगृहाचे पैसे भरायला त्यांना काय काय करावं लागलं असेल हे तुला माहीत आहे. धर्माची भीती आणि अभ्यासाची काळजी या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत मिसळल्या असतील, तर त्या वेगळ्या करणं तुझ्या हातात आहे. आणि त्यातली दुसरी तर पूर्णपणे तुझीच जबाबदारी आहे.

म्हणून सोमवारी ऑफिसात किंवा तुमच्या वर्गाच्या मेंटॉर बाईंकडे जाऊन विषयवार हजेरी काढून घे. एकूण टक्केवारीवर समाधान मानू नकोस, कारण एखाद्या विषयात तू बरीच मागे असशील आणि दुसऱ्यात काठावर. उरलेल्या दिवसांत सगळी लेक्चर्स केली तर आकडा कुठवर जातो हे त्यांच्यासमोर बसून मोज. फेस्टच्या कामाच्या दिवसांची सवलत तुमच्या कॉलेजात मिळते का, तेही विचार. कुठे मिळते, कुठे मिळत नाही, आणि मिळते तिथे त्या विभागप्रमुखाची सही वेळेत लागते. या सहीवाचून अडकलेली मुलं दर वर्षी असतात आणि ती बहुतेक पहिल्या वर्षाचीच असतात, कारण सीनियरांना हे माहीत असतं आणि सांगायचं राहून जातं.

आता तुझ्या कॉलेजात नेमकं काय चालतं ते पाहू, कारण अण्णांच्या आधी तुलाच ते स्पष्ट व्हायला हवं. ख्रिस्ती कॉलेजात, विशेषतः ते कॅथलिक असेल तर, चॅपलमध्ये म्हणजे आवारातल्या लहान प्रार्थनामंदिरात मिस्सा होते. ती उपासना आहे, श्रद्धा असलेल्यांसाठी आहे. व्हॅल्यू एज्युकेशनचा तास असतो, तो सगळ्यांसाठी असतो आणि त्यात बहुधा प्रामाणिकपणा, व्यसनं, पर्यावरण असे विषय येतात. आणि हॉलमध्ये किंवा अंगणात नाताळचा कार्यक्रम होतो, तिथे चांदण्या लागतात, येशूजन्माचा गोठा मांडतात, कॅरल म्हणतात, आणि गाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची मुलं असतात. बाहेरून फोटोत हे सगळं एकसारखं दिसतं, कारण भिंतीवरचा क्रूस तिन्हीकडे असतो.

तुला क्वायरमध्ये गायला सांगितलंय ते यातल्या कशासाठी? पत्रात तू फक्त "कार्यक्रम" म्हटलं आहेस. क्वायर बघणाऱ्या सरांना सरळ विचार: हे गाणं हॉलमधल्या कार्यक्रमात आहे की मिस्सेत? मिस्सेत असेल आणि तुला ते नको असेल, तर तसं सांगण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. राज्यघटनेचं कलम २८(३) यासाठीच आहे. सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान झालेला नसेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, आणि कलम २८ तिथे शिकणाऱ्याला नाही म्हणण्याचा. दोन्ही एकाच घटनेत शेजारी शेजारी आहेत. तू अठरा वर्षांची आहेस, म्हणजे ही संमती आता तुझीच.

याच ओघात एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणी सांगत नाही. मैत्रिणीसोबत कधी मिस्सेला बसलीस तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या रांगेत उभी राहू नकोस. आपल्याकडच्या प्रसादासारखंच ते असेल असं वाटून पुष्कळ मुलं निरागसपणे रांगेत जातात. कॅथलिक श्रद्धेत तो संस्कार आहे आणि तो घेणाऱ्याने ती श्रद्धा स्वीकारलेली असते. जागेवर शांत बसून राहिलं तर कोणालाही वावगं वाटत नाही, गुडघे टेकायचीही सक्ती नसते.

आता अण्णांकडे वळते. त्यांची भीती तुझ्या मैत्रिणींना मागासलेली वाटते, पण मराठी मुलखात ती जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे आणि तिला खऱ्या घटनांचा आधार आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतूनच आजचं विल्सन कॉलेज वाढलं. तिथल्या दोन पारशी मुलांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी भराभर मुलं शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता, तो अज्ञान म्हणून कोर्टाने बापाच्या ताब्यात दिला. मग त्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही यावर गाव पेटलं, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्या म्हणून उभे राहिले. पुढे १८९५ मध्ये कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षं नवऱ्यापासून वेगळं राहावं लागलं. घरं तुटली आहेत, मुली. अण्णांनी यातलं काही वाचलं नसेल, पण "तिकडे गेलेलं पोर आपलं राहत नाही" ही धास्ती अशाच घटनांतून गावोगाव पोचलेली आहे. तिला हसू नकोस आणि कोणाला हसू देऊ नकोस.

पण त्याच इतिहासात दुसरंही आहे. १८४१ मध्ये जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तिथे शिकले, बायबल वाचलं, ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाईंनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं आणि परत येऊन पुण्यात मुलींना शिकवलं. त्यानंतर नागपूरच्या हिस्लॉपमध्ये, मुंबईच्या विल्सन, झेवियर्स, सोफियामध्ये, नगरच्या अहमदनगर कॉलेजात मराठी घरांतल्या पिढ्यान् पिढ्या शिकून गेल्या आणि ज्या घरातून आल्या त्याच घरात देव्हाऱ्यासमोर दिवा लावत राहिल्या. झेवियर्समध्ये मुलांनीच चालवलेला इंडियन म्युझिक ग्रुप १९७०च्या दशकापासून शास्त्रीय संगीताच्या मैफली भरवतो. तिथे रागसंगीत ऐकणाऱ्या ख्रिस्ती मुलांना कोणी विचारत नाही की तुम्ही हिंदू झालात का. गाणं मनावर परिणाम करतं, ते मी नाकारत नाही. पण ते आपल्याकडून जबरदस्तीने काही काढून घेत नाही.

आणि तुझ्या पत्रात एक गृहीत आहे, ते मला जरा खटकलं. तू लिहितेस, "त्यांचं सगळं इंग्रजी असतं, आपलं तिथे काही नाही." त्यांचं म्हणजे कोणाचं? वसईतले ख्रिस्ती घरात मराठी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात. अहिल्यानगर, जालना या भागांतल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची भाषा, सणावाराचं जेवण, लग्नातली गाणी तुझ्या घरासारखीच आहेत. त्यांतली अनेक दलित कुटुंबं आहेत, आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे तुझ्या शेजारच्या बाकावरची, नावावरून इंग्रजी वाटणारी मुलगी तुझ्याइतकीच ओढाताण करून इथे आलेली असू शकते. तिच्याशी एकदा मराठीत बोलून बघ.

टिळकांचं नाव वर घेतलं, त्यांच्याबद्दल अजून थोडं. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठीत भजनं आणि अभंग लिहिले, पेटी-तबल्यावर म्हणता येतील असे. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचीही परंपरा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. हे शेवटचं अण्णांना पहिल्याच बैठकीत सांगू नकोस, त्यांची भीती वाढेल आणि ते स्वाभाविक आहे. पण भजन ऐकव. मृदंग वाजवणाऱ्या माणसाला चाल, ठेका, अभंगाचा छंद लगेच ओळखीचा वाटेल. आणि सरांना विचार, कार्यक्रमात एखादं मराठी भजन घेता येईल का. अशा क्वायरना बहुधा मराठी गाणं नको नसतं, ते बसवून देणारं कोणी नसतं. टाळ कसा धरायचा आणि समेवर कसं यायचं हे तुला लहानपणापासून येतं. तुला तिथे काही नाही असं तू लिहिलंस, तर हे तुझ्याजवळ आहे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ नाही.

उलट तिथेही तुला शिकण्यासारखं आहे. भजनात सगळे एका सुरात गातात किंवा एक म्हणतो आणि बाकीचे मागून घेतात. क्वायरमध्ये शेजारची वेगळा सूर लावून उभी असते आणि तरी आपण आपल्या सुरावर टिकायचं असतं. पत्रात तू लिहिलं आहेस की पहिले पंधरा दिवस शेजारणीच्या सुरात वाहून जात होतीस आणि आता जमतं. हे कष्टाने मिळवलेलं आहे. "सोडून देऊ का" असं विचारताना त्याची किंमत कमी धरू नकोस.

तर आता सांगायचं कसं. फोनवर नको. अण्णांसमोर बसून सांग. शनिवार-रविवारी जाऊन येणं शक्य असेल तर जा, एका दिवसाची हजेरी बुडत असली तर ती आधी मोजून. जाताना तीन गोष्टी जवळ ठेव: विषयवार हजेरीचा कागद, गाण्याचे शब्द त्यांच्या मराठी अर्थासकट, आणि कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागा. आधी तू बोललेलं खोटं कबूल कर. "फेस्टचा हॉल म्हणाले ते खरं नव्हतं, मी गाण्याच्या सरावाला होते." एवढं वाक्य आधी आलं की पुढचं ते ऐकतील. मग हजेरीचा कागद दाखव, कारण त्यांना पहिली काळजी तीच असेल. मग गाण्याचे शब्द वाचून दाखव. त्यात तुझ्या तोंडी "मी या देवाला शरण आले" अशा अर्थाची ओळ असेल आणि ती म्हणताना तुझ्याच मनाला अडत असेल, तर तेही त्यांना सांग आणि सरांनाही सांग. गाणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणींसाठी ती प्रार्थना आहे. ती ओळ पोकळ मनाने म्हणण्यापेक्षा दुसरं कडवं मागून घेणं त्यांच्याही श्रद्धेचा मान राखणारं आहे. शेवटी गाऊन दाखव. आणि आई घरात असेल तर तिला बाजूला बसव. तुझ्या अख्ख्या पत्रात आईचा उल्लेख नाही, हे मला जाणवलं.

अण्णांना एक नाव जरूर सांग. जानेवारी २०२० मध्ये तुमच्याच धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मावरून त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता, तरी संमेलन झालं, गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात झालं, आणि एक धर्मगुरू मराठी सारस्वताच्या मंचावर अध्यक्ष म्हणून बसला. गावातलं कोणी ना कोणी तिथे गेलेलं असेल. अण्णांनी त्यांना विचारावं.

हे सगळं करूनही ते नाही म्हणाले तर? हा प्रश्न मी टाळणार नाही. कायद्याने तू सज्ञान आहेस, पण फी त्यांच्या खिशातून जाते आणि माया त्यांची आहे, तेव्हा कायदा दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. माझं मत असं: एका कडव्यावर तू यंदा माघार घेऊ शकतेस. कॉलेजवर घेऊ नकोस. "या वर्षी एकटी गाणार नाही, पण कॉलेज बदलणार नाही, आणि जानेवारीत हजेरीचा कागद पुन्हा पाठवते" एवढं त्यांना शांतपणे सांग. बार्शीचं कॉलेज वाईट म्हणून मी हे म्हणत नाही. तू हे काही महिने रेटून इथे पाय रोवलेस आणि मध्येच उपटून नेलं तर अभ्यासाचं नुकसान खरोखरच होईल, म्हणून म्हणते. आणि गाणार नसशील तर ते सरांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत कळव, म्हणजे ते कडवं दुसऱ्या कोणाला बसवून घेता येईल. आदल्या दिवशी आजारी पडल्याचं सांगून बाहेर पडणं हा तुझ्यासारख्याच अडचणीतल्या मुलींनी निवडलेला मार्ग मी पाहिला आहे. त्याने पुढच्या वर्षी दार बंद होतं.

फेस्टबद्दल थोडंच लिहिते. व्हॉलंटियरचं काम कमी दर्जाचं नसतं, पण तू ते निवडलं नव्हतंस, तुला दिलं गेलं. पुढच्या वर्षी काम घेण्याआधी विचार: रोज किती तास, कोणत्या आठवड्यात, हजेरीचं काय, आणि यात मला शिकायला काय मिळेल. मराठी वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), क्वायर हे सगळं एकाच वर्षात होत नाही. एनएसएसला वर्षाला १२० तास द्यावे लागतात आणि वर सात दिवसांचं शिबिर असतं, हे नाव नोंदवण्याआधी माहीत असलेलं बरं. पहिल्या वर्षी एकच गोष्ट धर. बाहेरगावाहून येणाऱ्या सगळ्याच मुलामुलींना माझं हे सांगणं आहे, कॉलेज ख्रिस्ती असो की कुठलंही. कारण वसतिगृहातल्या एकटेपणावर उपाय म्हणून मुलं मिळेल त्या मंडळात नाव देतात, आणि मग कुठेच नीट ओळख होत नाही.

हे वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती. फोटो बघून निष्कर्ष काढण्याऐवजी एकदा कॉलेजात येऊन जा. कार्यक्रमाला या. प्राध्यापकांना भेटा, वसतिगृहाच्या वॉर्डनना भेटा, चॅपल बाहेरून-आतून बघा. जी शंका तुम्ही घरी धरून बसता ती कॉलेजच्या ऑफिसात मोकळेपणाने विचारा.

राहिल्या मैत्रिणी. त्यांना मोठं उत्तर द्यायची गरज नाही. पुढच्या वेळी कोणी "गावाकडचे लोक असेच" म्हणाली की सांग, "माझे वडील मृदंग वाजवतात, त्यांना विचारायचंय मला." आणि चुलत भावाला वेगळा फोन कर, अण्णांना भेटून आल्यावर. फोटो का टाकलास म्हणून भांडू नकोस. कार्यक्रमाची तारीख सांग आणि तो पुण्या-मुंबईकडे असेल तर त्याला बोलाव.